इंगळे बाबूंचं दोनशे मीटरवालं घड्याळ

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्यात पोरांकडून जप्त केलेले मोबाईल आहेत, कबड्डीची एक गंजलेली ढाल आहे आणि तळाशी कुणाचा तरी जुना टॉवेल आहे. किस्से मात्र त्या कपाटात मावत नाहीत. ते कुणी जमा करत नाही, तरी साचतात. चहा आला की एक निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा. आणि मागच्या जूनपासून तर काय विचारता, सगळे किस्से एकाच मनगटावरून निघतात. मनगट आमच्या इंगळे बाबूंचं!

इंगळे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. सव्वीस वर्षं एकच खुर्ची. देवमाणूस, पण अर्जात एक काना कमी असला तरी तो परत करणारा देवमाणूस. शाळा जळगाव जामोद तालुक्यात, घाटाखाली. खिडकीतून सातपुडा दिसतो आणि बाबूंच्या टेबलावरून खिडकी दिसत नाही, एवढे रजिस्टरांचे गठ्ठे!

* * *

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात बाबूंच्या नावाचं कुरिअर आलं. बाबूंनी खोकं अख्ख्या स्टाफसमोर उघडलं. आत घड्याळ. काळी तबकडी, स्टीलचा पट्टा, भोवती फिरणारी जाडजूड रिंग.

"पल्लवीनं पाठवलं," बाबू म्हणाले. "पयला पगार झाला न तिचा."

पल्लवी म्हणजे बाबूंची एकुलती एक पोरगी, पुण्यात नोकरीला लागलेली. पीटीच्या राऊत सरांनी घड्याळ तळहातावर तोललं. "बाबू, घड्याळ हाय का ट्रॅक्टरचा नट?"

मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून सोबतचं पुस्तक माझ्याकडं आलं. मी वाचून दाखवलं. पाणबुड्यांसाठीचं घड्याळ. ऑटोमॅटिक, सेल नाही. दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही टिकतं.

"खाऱ्या पान्यासाठी समुद्र कायले पायजे?" राऊत सर म्हणाले. "आपल्या शाळेची बोअर हाय न!"

आमचा शिपाई तुळशीराम पन्नाशीचा गडी. मोटरपंपाचा फूटबॉल, म्हणजे पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह, गाळात अडकला की आजूबाजूची चार गावं त्यालाच बोलावतात, इतका पट्टीचा पोहणारा. तो बोटांवर हिशेब करत म्हणाला, "दोनशे मीटर म्हंजे साडेसहाशे फूट. आपल्याकडं सगळ्यात खोल विहीर साठ फुटाची. तेवढं खोल तं बोअरच जाते."

राऊत सरांनी बाबूंच्या पोटाकडं पाहिलं. "अन् बोअर साडेसहा इंचीच असते बे!"

* * *

त्याच दुपारी पल्लवीचा फोन आला. बाबूंना फोन स्पीकरवर टाकायची सवय आहे, त्यामुळं त्यांच्या घरातलं सगळं आम्हाला ठाऊक असतं.

"पप्पा, आवडलं? जास्त महाग नाही हं. तुम्ही लहानपणी विहिरीच्या तळातून दगड काढून आणायचे ना, म्हणून मुद्दाम पाण्यातलंच घेतलं. दिवाळीला येते तेव्हा राऊत काकांच्या विहिरीत उडी मारून दाखवा. मी व्हिडिओ काढणार!"

"हाव बेटा, हाव," म्हणून बाबूंनी फोन ठेवला. चेहरा उतरलेला.

तुळशीराम आणि बाबू एकाच गावचे, एकाच गल्लीतले. तो हळूच म्हणाला, "बाबूजी, तुमी तं विहिरीच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरलेच नाई!"

बाबूंना पोहताच येत नव्हतं! आम्ही हसणार, तेवढ्यात बाबू बोलायला लागले.

"पल्लवी लहान होती तं जेवतच नव्हती हो ते. अंगात काईच नाई, नुसत्या काड्या. मंग मी गोष्टी सांगो. एक घास, एक उडी. मी उडी मारो, तळातला दगड काढो, ते तोंड उघडे. असं करत करत पोरगी मोठी झाली. तिनं त्या सगळ्या उड्या खऱ्या मानल्या. आता तिच्यासमोर मी खोटा पडाले नाई पायजे, एवढंच."

राऊत सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून पाहिली. "दिवाळीले अजून वेळ हाय, बाबू. विहीर माही, मास्तर तुळशीराम. तुमी फक्त टॉवेल आना!"

* * *

इकडं घड्याळानं दुसराच घोळ घातला. सोमवारी सुरू केलेलं घड्याळ गुरुवारी बंद! पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. बाबूंनी पोरीला फोन लावला.

"पप्पा, ते हात हलला की चालतं. तुम्ही दिवसभर हात हलवत नाही का?"

फोन अर्थातच स्पीकरवर!

बाबूंचा डावा हात म्हणजे रजिस्टरवरचा पेपरवेट. साडेदहाला ठेवला की पाचला उचलायचा. रविवारी बाबू बाजारात पिशव्या उचलायचे तेवढंच काय ते घड्याळाच्या पोटात पडायचं.

राऊत सर म्हणाले, "बायोमेट्रिक काढून टाका म्हणा. सगळ्या ऑफिसांत हेच घड्याळ वाटा. कोन काम करते, चार दिवसांत समजते!"

* * *

शेवटी तोडगा निघाला. शाळेत सगळ्यात जास्त हात कुणाचे हलतात? तुळशीरामचे. झाडू त्याच्या हातात, घंटा त्याच्या हातात, हेडसरांचा चहा त्याच्या हातात. बाबूंनी शाळेच्या वेळेपुरतं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं आणि ताकीद दिली, "सांभाळजो बे. टाकीजवळ गेला तं काढून ठेवजो."

तुळशीराम त्या दिवसापासून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघेना. घंटा आता याच घड्याळावर. आता असं ऑटोमॅटिक घड्याळ रोज थोडं पुढं पळतं, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि शाळा लवकर सुटत असेल तर मास्तरानं आपणहून सांगावं असा काही नियम नाही!

एरवी आमची पोरं संध्याकाळच्या एसटीमागं धावायची. महिन्याभरात चित्र पालटलं. पोरं फाट्यावर येऊन उभी, आणि एसटीचा पत्ता नाही. हेडसर तापले. डेपोत फोन लावला, "रोज बस लेट करता? पोरं किती वेळ उभी ठेवायची?"

तिकडून उत्तर आलं, "साहेब, बस टायमावरच हाय. तुमची शाळा लवकर सुटून राह्यली!"

* * *

रिंगचाही उपयोग कळला. पाण्यात किती मिनिटं झाली ते मोजायची ती रिंग. आमच्याकडं पाणी कुठलं? आम्ही ती हेडसरांच्या भाषणाला लावली.

हेडसरांचं प्रत्येक भाषण "मी फक्त पाचच मिनिटं घेणार आहे" या वाक्यानं सुरू होतं. पंधरा ऑगस्टला घड्याळ बाबूंच्याच हातावर होतं. ते वाक्य आलं आणि बाबूंनी रिंग फिरवली, कट् कट् कट्. आम्ही रांगेत उभे. हेडसर गावाच्या इतिहासात शिरले, तिथून स्वच्छतेवर आले, तिथून मोबाईलच्या दुष्परिणामांवर. मध्येच त्यांना बाबूंची मान खाली वाकलेली दिसली.

"इंगळे, किती झाले?"

बाबू सरळमार्गी माणूस. म्हणाले, "पंचावन, सर. जरा आवरा. या रिंगमंधी साठच्या पुढची सोय नाई!"

* * *

सप्टेंबरात विहिरी भरल्या आणि रविवारची शाळा सुरू झाली. राऊत सरांची विहीर डोंगराच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागेत. पाणी गोड आणि पायऱ्या चांगल्या. बाबूंच्या पाठीला पाच लिटरची रिकामी कॅन बांधायची, कमरेला दोर, आणि दोराचं टोक तुळशीरामच्या हातात.

पहिला रविवार बाबू तिसऱ्या पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या रविवारी चौथ्या पायरीवर. तिसऱ्या रविवारी त्यांनी पिशवीतून एक कागद काढून तुळशीरामला दिला. चक्क अर्ज! 'सर्दी झाल्याकारणाने आज पाण्यात उतरू शकत नाही. तरी एक दिवसाची सवलत मिळावी, ही विनंती.'

सव्वीस वर्षं याच बाबूंनी तुळशीरामचे रजेचे अर्ज परत केले होते. कधी तारीख नाही म्हणून, कधी कारण स्पष्ट नाही म्हणून. तुळशीरामनं कागद वाचला. उलटून मागची बाजू बघितली. पुन्हा वाचला. आयुष्यात एवढ्या सावकाश त्यानं काही वाचलं नसेल.

"बाबूजी, याच्यावर सही नाई."

"हाव का? आन, करतो."

"त्रुटी पूर्ण करून सोमवारी ऑफिसात सादर करा," तुळशीराम म्हणाला, आणि बाबूंना पाण्यात ढकललं!

* * *

त्या धक्क्यानं जे काम झालं ते आमच्या गोड बोलण्यानं झालं नव्हतं. भीती चेपली. दसऱ्यापर्यंत बाबू कॅन बांधून विहीर आरपार करायला लागले. तोंडानं मात्र मोटरपंपासारखा आवाज चालू.

एका रविवारी तुळशीरामनं नेहमीसारखी गाठ मारल्याचं नाटक केलं आणि कॅन मागच्या मागं काठावर ठेवून दिली. बाबू निघाले. फूऽऽ फूऽऽ करत समोरच्या पायरीपाशी पोचले, वळून परत निघाले, अर्ध्यात आले.

राऊत सरांना राहवलं नाही. ओरडले, "बाबू, जमलं! पाठीवर कॅनच नाई!"

बाबूंनी हात मागं नेऊन पाठ चाचपली, आणि तिथंच बुडाले!

* * *

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी बागेत आली. सोबत बाबू, पल्लवीची आई म्हणजे आमच्या वहिनी, राऊत सर, तुळशीराम आणि मी. तुळशीरामनं दिवाळीच्या सुट्टीतही घड्याळ घालून फराळाच्या डब्यांची ने-आण केली होती, बंद पडू नये म्हणून. सकाळीच त्यानं ते बाबूंच्या हातावर आणून बांधलं. पल्लवीनं पप्पांचं मनगट हातात घेऊन पाहिलं आणि खूश झाली.

बाबू झाडाआड जाऊन कपडे काढून आले. नुसत्या चड्डीवर काठावर उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा मिनिटं झाली. त्या रविवारनंतर कॅन सुटली होती, पण पायरीवरून उतरणं वेगळं आणि काठावरून उडी मारणं वेगळं. काठावरची उडी बाबूंनी कधीच मारली नव्हती.

पल्लवीनं मोबाईल खाली घेतला. हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, पाणी गार असेल. राहू द्या. पुढच्या वेळी मारा."

बाबूंनी तिच्याकडं एकदा पाहिलं. नाक धरलं आणि मारली उडी!

एवढं पाणी उडालं की राऊत सर नखशिखांत भिजले. बाबू खाली गेले. मी मनात आकडे मोजायला लागलो. वहिनींनी माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. आणि मग ते डोकं वर आलं. फूऽऽ! बाबू हातपाय मारत निघाले, समोरची पायरी धरली, आणि वर बघून हसले. पल्लवी काठावर उड्या मारत होती. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात पल्लवी किंचाळली, "पप्पा, घड्याळ! घड्याळ पडलं!"

बाबूंचं मनगट रिकामं होतं.

पुढचं कुणी काही बोलायच्या आत तुळशीरामनं दिवाळीच्या नव्या कपड्यांसकट सूर मारला. तळ गाठला. वर आला, मुठीत चिखल. "नाई!" पुन्हा खाली. पायरीला लटकलेल्या बाबूंना एवढा दम लागला होता की शब्द फुटेना. ते नुसते हात हलवत होते. आम्हाला वाटलं, पोरीनं दिलेल्या घड्याळापायी जीव कासावीस झाला बिचाऱ्याचा. राऊत सरांनी गळ टाकायची तयारी चालवली. तुळशीराम तिसऱ्यांदा खाली गेला. पल्लवी रडायच्या बेताला आली होती.

बाबू कसेबसे पायऱ्या चढून वर आले. झाडाकडं गेले. फांदीला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि प्लास्टिकची एक पिशवी काढली. तिच्यात दुसरी पिशवी. तिच्यात रुमाल. रुमालात घड्याळ. टिक टिक चालू!

"पप्पा!" पल्लवी रडता रडता ओरडली. "अहो, ते पाण्यातलंच घड्याळ आहे! दोनशे मीटर चालतं!"

"चालत असन," बाबू म्हणाले. ओला हात टॉवेलला कोरडा पुसला आणि मगच घड्याळ मनगटावर चढवलं. "पन तुह्या पयल्या पगाराचं हाय बेटा. पान्यात भिजवू काय?"