चालू रॅकमधलं कार्ड

मॉरिस घोन्साल्विस मुळातच भित्रा माणूस. मूळचा वसईचा, आता राहायला परदेशात, डँडेनॉन्गला, नोकरी क्लेटनमधल्या एका लहानशा कंपनीत. कुत्र्याला भितो, सरकत्या जिन्याला भितो, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो. आणि देवाची करणी बघा, पोटासाठी नशिबी आलं ते चालू रॅकमध्ये कार्ड घालायचं काम! रॅक म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डांचं कपाट; तो बंद करायचा नाही, वीज तशीच वाहती ठेवायची आणि तिच्यातच नवं कार्ड सरकवायचं. त्याची बायको जोॲन म्हणते, "पोहता न येणाऱ्याने बोटीवर नोकरी धरावी, तसं तुझं." चारचौघांत मात्र हा सदा हसतमुख. कुणी काही विचारलं की "नो वरीज, मेट" ओठांवर तयार. आपल्याला भीती वाटते, हे त्याने बायकोखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं.

तशी ती भीती अगदीच वेडी नव्हती. नव्या कार्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबे, रिकामे असतात. विजेला टेकले की अधाशासारखा करंट ओढतात. गावाकडे लाइट जाऊन परत आली की घरोघरचे पंखे, पंप, फ्रीज एकदम सुरू होऊन ट्रान्सफॉर्मर पुन्हा बसायचा, तसाच प्रकार. म्हणून कार्डाच्या तोंडाशीच एक नखाएवढी चिप असते. तिच्या हाताखाली मॉस्फेट नावाचं फाटक. चिप ते हळूहळू किलकिलं करते, करंट बेताबेताने आत सोडते. पलीकडे कुठे शॉर्ट असला तर क्षणभर वाट बघते, फाटक लावते आणि लाल दिवा दाखवते. मात्र त्या क्षणभरात सगळी आग मॉस्फेट अंगावर घेतं. सारखी घेतली तर मरतं. आणि मेलं की बहुतेकदा ते बंद होऊन मरत नाही, उघडं राहून मरतं. मग शॉर्ट थेट रॅकला भिडतो.

त्या दुपारी मॉरिस गिप्सलँडकडच्या एका हॉस्पिटलात पोचला. आठ खाटांचा वॉर्ड. आठही पेशंटांचे ठोके नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर आणणारा रॅक शेजारच्या खोलीत, त्यात दोन कार्डं. एक मेलेलं, सगळा भार दुसऱ्यावर, आणि ते हात लावला तर चटका बसेल इतकं तापलेलं. वॉर्डची नर्स क्लोई म्हणाली, "शिफ्टला आज आम्ही दोघीच आहोत, मेट. स्क्रीन गेला तर कुणाचं काय होतंय ते आम्हाला कळणार नाही."

"नो वरीज," मॉरिस म्हणाला.

त्याने मेलेलं कार्ड काढलं, छातीवर क्रूस काढला आणि नवं कार्ड सरकवलं. लाल दिवा लागला. त्याने क्लेटनला त्याच्या मॅनेजरला, हृषिकेशला, फोन लावला. हा पुण्याचा, आणि कुठल्याही दुखण्यावर याचं औषध एकच.

"काढून परत घाल रे. नाइन्टी पर्सेंट वेळा तेवढ्याने होतं."

सांगायला काय जातं! कार्ड बाहेर काढलं की चिपला आधीचं काही आठवत नाही, ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून फाटक उघडायला जाते. हे मॉरिसला ठाऊक होतं. पण विजेपेक्षा त्याला साहेबाची भीती जास्त. त्याने कार्ड काढलं आणि लगेच परत घातलं.

लाल दिवा. या वेळी जळका वासही आला. बाहेरच्या टेबलावरचा स्क्रीन एकदा मिचकावला आणि क्लोई ओरडली, "व्हॉट वॉज दॅट?"

मॉरिस रॅकपासून एक पाऊल मागे सरला. मॉस्फेट गेलं असेल तर पुढच्या खेपेला मधे कुणीच नाही. रॅक बसेल, आठही खाटा अंधारात.

"अजून एकदा घाल," फोनवर हृषिकेश. "जरा जोरात दाब."

"नाही घालणार."

"काय?"

"मला भीती वाटते, हृषिकेश. मी घालणार नाही."

मॉरिसने फोन न कापताच खाली ठेवला, कार्ड काढलं आणि रिकाम्या खाचेत टॉर्च मारला. आत, अगदी मागे, एक पिन वाकून शेजारणीला टेकली होती. आधी कुणीतरी कार्ड तिरकं रेटलं असणार. चिपने दोन्ही वेळा खरं तेच सांगितलं होतं.

शेजारी तिसरी खाच मोकळी होती, तिच्या पिना सरळ होत्या. पण व्हॅनमध्ये दुसरं कार्ड नव्हतं. होतं ते हेच, दोनदा भाजलेलं. त्याने ते गार होऊ दिलं. मग मॉस्फेटच्या दोन टोकांना मीटर लावला. वाजला तर फाटक उघडं राहून मेलं. मीटर वाजला नाही. याचा अर्थ एवढाच की ते अजून मेलेलं नाही. आतून किती होरपळलंय ते मीटर सांगत नाही.

तापलेलं दुसरं कार्ड किती वेळ तग धरेल तेही कुणी सांगत नव्हतं. मॉरिसने क्लोईला हाक मारून खाटांपाशी उभं राहायला सांगितलं. इतका तो आयुष्यात घाबरला नव्हता. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्याने कार्ड तिसऱ्या खाचेत सरकवलं.

दिवा लागेना. लागेना. मग हिरवा लागला.

"ऑल एट गुड!" क्लोईने स्क्रीन बघून सांगितलं. मॉरिस तिथेच फरशीवर बसला आणि फोन उचलला.

"झालं?" हृषिकेशने विचारलं. तो इतका वेळ लाइनवरच होता.

"झालं. पिन वाकली होती. त्याच खाचेत तिसऱ्यांदा घातलं असतं, तर सगळा रॅक गेला असता."

"मॉरिस," हृषिकेश म्हणाला, "मी एकदाही चालू रॅकमध्ये कार्ड घातलेलं नाही. जमतच नाही. समोर गेलो की घाम फुटतो. म्हणून तर तुला पाठवतो. तू घाबरत नाहीस असं वाटायचं मला."

मॉरिसला हसू आलं आणि रडूही. "मग पुढच्या वेळी तूही ये," तो म्हणाला. "दोघं मिळून घाबरू."

"येतो," हृषिकेश म्हणाला.