सुतकातलं टेट्राझिनी

चिकन टेट्राझिनी या पदार्थाबद्दल मला कुणी काही शिकवायला येऊ नये. मी तो जितका खाल्लाय तितका मेलबर्नच्या आमच्या अख्ख्या ट्रुगानिना उपनगरात दुसऱ्या कुठल्या मराठी बाईने खाल्ला नसेल, आणि त्यातला एकही घास मला आवडला नाही. एकही नाही. लोक म्हणतात सवयीने आवडायला लागतं. डोंबल!

ज्यांच्या नशिबात आला नाही त्यांच्यासाठी सांगते. स्पॅगेटी उकडायची, तीही पार गाळ होईपर्यंत. त्यात उकडलेल्या चिकनचे धागे आणि काळपट, बुळबुळीत मश्रूम. वर लोणी, मैदा, दूध आणि क्रीम शिजवून केलेली पांढरी खळ. हो, खळच. लहानपणी आकाशकंदिलाला कागद चिकटवायला करायचो तीच, फक्त तिच्यात शेरी नावाची दारू ओतलेली. मग चीज, ब्रेडचा चुरा आणि ओव्हन. वर खपली धरते, आत सगळं लिबलिबीत. मिरची नाही, हळद नाही, लसणाची एक पाकळी नाही. चमचा खुपसला की पचक असा आवाज येतो आणि आतून कोमट, दुधाळ वाफ थेट नाकात घुसते. शी! आत्ता लिहितानाही मळमळतंय.

तर हे आमच्या घरात कसं आलं, ते सांगते.

मेलबर्नचा तो दुसरा, न संपणारा लॉकडाऊन चालू होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, घरी कुणाला बोलवायचं नाही. आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी म्हणून आली होती. बाबा तिकडची कामं उरकून मागून येणार होते. विमानं बंद झाली आणि आई इकडे अडकली, बाबा तिकडे. माझा नवरा डार्विनला गॅसच्या प्रोजेक्टवर, त्यांची बॉर्डर बंद, म्हणजे तोही तिकडेच. घरात आम्ही दोघी. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायची आणि आई मला दर तासाला विचारायची, "आता तरी उठतेस का? पाठीचा कणा मोडेल अशाने."

एका दुपारी दादाचा, म्हणजे माझ्या भावाचा, पुण्याहून फोन आला. बाबा गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

सगळं आम्ही फोनवर बघितलं. स्मशानात चार माणसं, मास्क लावलेली. मी हंबरडा फोडला. आई रडली नाही. ती नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "झालं," आणि फोन पालथा ठेवून दिला. मग सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली ती बसलीच.

मला वाटलं, आज ना उद्या रडेल. कसलं काय! जेव म्हटलं की "नंतर". बोल म्हटलं की "काय बोलू?". मी जवळ गेले की हात बाजूला करायची, रागाने नाही, आपला सहज, अंगावरची माशी उडवावी तसा. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून अर्धा तास हुज्जत घालणारी माझी आई चहाच्या दोन घोटांवर दिवस काढायला लागली. गाऊन अंगावर लोंबायला लागला. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, टेलिहेल्थच्या फोनवर म्हणाला, "गिव्ह हर टाइम." टाइम! बाबा तर मला न भेटताच गेले होते, आता ही माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि मी तिच्या समोर वरणभाताची वाटी धरून उभी. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आमच्या शेजारी एक सत्तरीची अमेरिकन बाई राहायची. कोणे एके काळी ऑस्ट्रेलियन माणसाशी लग्न करून इकडे आलेली, तो गेल्यापासून एकटी. कचऱ्याचा बिन बाहेर काढताना तिने सहज विचारलं, "हाउज मम?" आणि मी तिथेच रस्त्यावर, बिनचं झाकण धरून, भडाभडा सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आर्वोला, म्हणजे दुपारी, बेल वाजली. दार उघडलं तर पायपुसण्यावर फॉइलने झाकलेलं काचेचं मोठं भांडं, आणि बाई मास्क लावून पार ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन उभी. तिच्या गावाकडे म्हणे कुणी गेलं की शेजारपाजारचे असंच काहीतरी बेक करून आणून ठेवतात, घरातल्या बाईला स्वयंपाकाला उभं राहावं लागू नये म्हणून.

मी भांडं आत आणलं तर सोफ्यावरून आवाज आला, "पिठलं आणलं का गं कुणी?"

मी जागच्या जागी थांबले. कित्येक दिवसांत आईने आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

"पिठलं नाही आई. चिकन आहे. शेजारच्या आजींनी दिलंय."

"असू दे. तिच्याकडचं पिठलंच ते," आई म्हणाली. "टाकू नकोस हं. सुतकाच्या घरी आलेलं अन्न टाकायचं नसतं. बस, खा."

आई शुद्ध शाकाहारी. मी इकडे युनीला, म्हणजे युनिव्हर्सिटीत, आल्यापासून चिकन खाते, हे तिने कपाळाला हात लावून केव्हाच पचवलं होतं. मी फॉइल काढलं आणि तो वास आला. पिठलं म्हणे! पिठलं तीन दिवस उघड्यावर ठेवलं असतं तरी त्याला अशी अवकळा आली नसती. पण आई माझ्याकडे बघत होती, आणि मला एकदम सुचलं.

"तू दहीभात खाशील तर मी हे खाईन. तू एक घास, मी एक घास."

"आधी तू," आई म्हणाली.

मी खाल्लं. ते जिभेवरून न चावताच घरंगळत गेलं आणि मागे पिठूळ, आंबूस चव ठेवून गेलं. मश्रूम दातात करकरला. "छान आहे," मी म्हटलं. मग आईने दहीभाताचा घास घेतला. मी दुसरा घेतला, तिने दुसरा घेतला. तिची वाटी संपेपर्यंत मी त्या लगद्यातून खोदत राहिले, आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन तीनदा दात घासले.

भांडं संपलं, मी घासून ओट्यावर पालथं घातलं आणि सुटले बाई एकदाची, असं मनात म्हटलं. ते परत द्यायला निघाले तर आईने अडवलं.

"सुतकातल्या घरातून काही द्यायचं नसतं. आणि रिकामं भांडं काय धाडतेस, लाज नाही वाटत? तेरावा होऊ दे."

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर आई आंघोळ करून, केस बांधून स्वयंपाकघरात उभी. "कोथिंबीर आहे का गं? गोडाचं नको, वर्ष आहे. वड्या करते." डाळीच्या पिठात कोथिंबीर कालवली, उंडे वाफवले, कापून तळायला घेतले. तेलात वड्या तडतडायला लागल्या आणि मी दारात उभी राहून खुळ्यासारखी नुसती बघत होते. त्या दिवशी माझ्या आनंदाला काही सुमार नव्हता.

वड्यांनी भरलेलं भांडं शेजारी गेलं, आणि तिथेच आमची फसगत झाली. त्या बाईने काय समजावं? की यांना माझं टेट्राझिनी इतकं आवडलं की यांनी उलट मलाच भरून पाठवलं! आठवडा उलटायच्या आत भांडं परत आमच्या पायपुसण्यावर. आत तेच. वर चिठ्ठी, "सो ग्लॅड यू लव्ह इट!"

आईने त्यातून थालीपीठं पाठवली. तिने टेट्राझिनी पाठवलं. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या पाठवल्या. पुन्हा टेट्राझिनी. एकीला भांडं रिकामं धाडता येत नव्हतं आणि दुसरीला वाटत होतं, पोरीचा बाप गेलाय, तिला आवडतंय तर एवढं तरी करावं. मध्ये माझं पोट.

नवरा डार्विनहून व्हिडिओवर हसायचा. "फेक ना बिनमध्ये! कोण बघतंय?"

"आई बघते. बिन उघडून बघते."

"मग सरळ सांग त्या आजींना. नो वरीज म्हणतील."

त्याला काय जातंय सांगायला! तिकडे एसीत बसून बार्रामुंडी मासा खात होता. एरवी त्याच्या पंजाबी मित्रांची टोळी घरी आली असती तर "अरे यार, वेस्ट मत कर" म्हणत त्यांनी भांडं चाटूनपुसून संपवलं असतं, पण दाराला कुलूपच होतं ना सगळ्या शहराच्या. आणि खरी गोष्ट मी त्याला सांगितली ती अशी, की आई फक्त भांडं आलं की उठायची. भांडं आलं की आता यातून काय द्यायचं याचा विचार करायची, पीठ भिजवायची, माझ्यासमोर बसून माझ्या घासाला घास लावून जेवायची. भांडं शेजारी गेलं की परत सोफ्याचा कोपरा आणि भिंत.  हे ऐकल्यावर तो म्हणाला, "खा बाई. खा."

एकदा भांडं द्यायला आई स्वतः कुंपणापर्यंत आली. मास्क लावून, शाल गुंडाळून. तिने मला विचारायला सांगितलं की या पदार्थाला असलं नाव का. मग त्या बाईची कळी अशी काही खुलली! हे नाव म्हणे ऑपेरात गाणाऱ्या एका इटालियन बाईचं. तिच्या काळात फार गाजलेली. ती अमेरिकेत गायला गेली तेव्हा कुण्या हॉटेलच्या शेफने तिच्या सन्मानार्थ हे केलं. कुठे, यावर वाद आहे. न्यूयॉर्कवाले म्हणतात आमच्याकडे, सॅन फ्रान्सिस्कोवाले म्हणतात आमच्याकडे. ही पडली सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूची, त्यामुळे न्यूयॉर्कचं नाव काढताना मास्कच्या आत फुरफुरली. आणि इटलीत? इटलीत हे कुणाला ठाऊकही नाही, ती हसत म्हणाली.

मी मनात म्हटलं, इटली शहाणी आहे. नाव इटलीचं, जन्म अमेरिकेतला आणि मरायला आलंय ट्रुगानिनात, माझ्या पोटात. दोन मोठी शहरं असल्या लगद्याचा बाप व्हायला भांडतात! आणि त्या गाणाऱ्या बाईचा तरी काय गुन्हा होता? एवढं गायली बिचारी, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती या खळीमुळे.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "गाणाऱ्या बाईला एवढं तुपकट? अगं, घसा बसेल तिचा." मी ते इंग्रजीत सांगितलं तर शेजारीण कुंपणाला धरून हसली. आई हसली नाही. पण घरी आल्यावर लगेच कोपऱ्यात न बसता जरा वेळ खिडकीशी उभी राहिली.

त्यानंतर एकदा मी मीटिंगमध्ये असताना आई एकटीच कुंपणाशी जाऊन आली. काय बोलली ते मला दोन दिवसांनी भांडं आलं तेव्हा कळलं. वर चिठ्ठी, "नो चिकन. फॉर मम."

"मीच सांगितलं तिला," आई म्हणाली. "म्हटलं, नो चिकन, आय ऑल्सो ईट. इतकं आवडीने खातेस तू. मीही बघते काय आहे ते."

 शेरीबद्दल मी तोंड उघडलं नाही. आईने दोन ताटं मांडली, वाढून घेतलं, डोळे मिटून हात जोडले, आणि मोठा चमचाभर घास तोंडात घातला.

चावला. थांबली. परत एकदा चावला. मग तिचं नाक वर चढलं, ओठ वाकडे झाले, सगळा चेहरा आक्रसून गोळा झाला. इतके दिवस ज्या चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटलं नव्हतं, त्या चेहऱ्यावर.

"शी! ई! काय गं हे!" तिने घास कसाबसा गिळला आणि घटाघट पाणी प्यायली. "घाण आहे नुसती! आणि तू हे खात होतीस? इतके दिवस? माझ्यासमोर बसून छान छान म्हणत?"

मी मान हलवली.

"का गं?"

"तू जेवावंस म्हणून."

आई माझ्याकडे बघत राहिली. "मूर्ख कार्टी," ती म्हणाली, आणि हसायला लागली. शालीचं टोक तोंडावर धरून, खांदे हलवत. मलाही हसू फुटलं. आणि तशी हसता हसताच तिने मागे मान वळवली आणि पुण्याच्या घरातल्या त्या वरच्या पट्टीत हाक मारली, "अहो, इकडे या जरा! बघा तरी तुमची लेक काय खातेय!"

बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

तिची मान तशीच वळलेली राहिली. मग हातातला चमचा ताटात पडला आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा माझी आई रडली, मोठ्याने, गळा काढून. मी उठून तिला जवळ घेतलं आणि तिने माझा हात बाजूला केला नाही.