पंपहाऊसचा पासवर्ड

पाणीपुरवठ्याच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, फोन उचलला की येतात. इंदापूरकडच्या गावांचे आमचे सगळे पंप एका कम्प्युटरवर चालतात. कुठल्याशा देशात राजकारणाच्या रागातून हॅकरांनी असेच पंप बंद पाडले, आणि 'आपली यंत्रणा सुरक्षित करा' असा हुकूम माझ्या टेबलावर आला.

पहिल्याच दिवशी ऑपरेटर शकीलभाईंना पासवर्ड विचारला. त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. पेंटरकडून काढून घेतलेला, ऑइलपेंटमध्ये, छान वळणदार अक्षरात!

"पुसा आधी," मी म्हटलं.

"पुसून कसं चालंल, साहेब? समद्यांना हितंच बघायची सवय हाय."

त्याहून मोठा धक्का त्यांच्या मोबाईलमध्ये होता. पंप कुठूनही चालवायचं ॲप. लोणी देवकरला लग्नात असताना पंप सुरू करायची वेळ झाली, तर यांनी मोबाईल नवरदेवाच्या मामांपुढं धरला. "पाव्हणं, तुमच्या हातानं हू द्या." मामांनी बटण दाबलं, मांडवात टाळ्या!

ॲप मी तिथल्या तिथं काढून टाकलं. शकीलभाई आठवडाभर माझ्या वाटणीचा चहा मागवायला विसरले.

व्हॉल्व्ह फिरवणारे तात्या मात्र पक्के. एकदा फोन आला, "कंपनीतून बोलतोय, पासवर्ड सांगा." तात्यांनी गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, सासुरवाडीवर आले तेव्हा समोरच्यानं फोन ठेवला.

"सोताचं गाव सांगता येईना, आन् आमचा पासवर्ड पायजे व्हय?" तात्या म्हणाले.

मग मी दर मंगळवारी तासभर कम्प्युटर बंद ठेवायला लावला. पंप हातानं, व्हॉल्व्ह हातानं. सगळे वैतागले. मी कुणाचं ऐकलं नाही.

आणि एका सकाळी स्क्रीनवर कुणाचा तरी झेंडा आला, घोषणा आली, माऊस आपोआप फिरून एकेक पंप बंद करू लागला. यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीला दुरुस्तीसाठी दिलेली इंटरनेट लाइन तोडायचं काम मी पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं, त्याच वाटेनं हे आत शिरले. चूक माझीच. भर उन्हाळा, गावोगावी लोक हंडे मांडून बसलेले. मी वायर उपटली. शकीलभाई पंपांकडं पळाले, तात्या व्हॉल्व्हकडं. टाकीवरच्या माणसांना फोनवर पातळी विचारत आम्ही एकेका गावाला पाणी सोडलं. एकही गाव कोरडं ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी त्या टोळीनं इंटरनेटवर व्हिडिओ टाकला, 'आम्ही अख्ख्या तालुक्याचं पाणी तोडलं!' खाली पहिलीच कॉमेंट आमच्याच वरकुटे गावच्या एका बाईंची होती.

"पाणी आलंय की. प्रेशर तेवढं कमी हाय, जरा वाढवा."