रॅमवरचा अंगठा

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पण सरळ सुरू व्हायचा नाही. बटन दाबलं की पंखा फिरे, लाल लाईट लागे, आणि स्क्रीन काळीच्या काळी. मग आतून तीनदा पीं पीं पीं. तुम्ही बंद करा, परत लावा, बाजूनं एक थाप मारा, तेव्हा कधी पाचव्यांदा तर कधी दहाव्यांदा तो उठे. तीन महिने हेच चाललं होतं.

बायको म्हणे, दुकानात नेऊन टाका. मी म्हणे, कशाले? मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा माणूस. रोज हुडकेश्वरहून निघतो, अख्खं नागपूर ओलांडून कोराडीकडे एका ठेकेदाराच्या कामावर जातो, आणि दिवसभर माझ्याहून उंच पॅनल उघडतो. हे गुडघ्याएवढं डबडं मी दुसऱ्याच्या हाती देऊ? लोक काय म्हणतील? खरं तर लोकांले माहीतही नव्हतं, पण माझा स्वभाव असा. डब्याची एक बाजू मी उघडी करून ठेवली ती तशीच राहिली, आणि दर रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी त्याच्यापुढे मांडी घालून बसायचो. सुधारत काहीच नव्हतं. वरून मी म्हणायचो, कंपनीच भंगार आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

कॉम्प्युटर होता बायकोच्या कामाचा. ती नकाशे काढते, घराचे. लग्नाआधी एका आर्किटेक्टकडे होती, लग्नानंतर घरी बसून इकडच्या नवीन प्लॉटवाल्यांचे नकाशे काढून द्यायची. हात एवढा साफ की इंजिनिअर लोक तिच्या नकाशावर सही करून मोकळे होत. नाव त्यांचं, काम हिचं. तिले ते सलत होतं, आणि मले ते दिसत होतं. पण दिसलं तरी मी काय करणार होतो, हे मले कोणी विचारू नये.

मार्चमध्ये तिनं पुण्याच्या एका फर्मले अर्ज केला. मले सांगून केला. मी म्हटलं, "कर ना." कारण मनात होतं, हिले कोण बोलावते? आणि बोलावलं. इंटरव्ह्यू ऑनलाईन, पण नुसत्या तोंडी गोष्टी नाही. दीड तासात एक पूर्ण घराचा नकाशा काढून दाखवायचा, आणि तो काढताना तिची स्क्रीन त्यांले दिसली पाहिजे. म्हणजे मोबाईल चालत नव्हता. कॅमेरा लावायचा आणि खोलीत दुसरं कोणी नको, अशीही अट होती. त्या दिवशी मी सुट्टी टाकली. मुलीले शेजारच्या काकूंकडे पाठवलं. बायको म्हणाली, "कालच दुकानात नेला असता तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "मी आहे ना वं!"

इंटरव्ह्यू अकराले. साडेनऊले बटन दाबलं. पीं पीं पीं. दहा वेळा केलं, वीस वेळा केलं, थापा मारून हात लाल झाला, पण बाप्पा, तो काही उठेना! बायको दारात उभी. नवीन साडी, केस बांधलेले, आणि चेहरा पांढरा पडलेला. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

रॅम म्हणजे ती हिरवी पट्टी, बोटभर रुंद, खाचेत उभी बसते. ती मी काढली. मुलीच्या कंपासपेटीतून खोडरबर आणला आणि पट्टीचे सोनेरी दात घासून घासून चकचकीत केले. हा इलाज सगळे करतात आणि पुष्कळदा लागूही पडतो. मग ती खाचेत ठेवून दाबली. राग होता माझ्या हातात, तो सगळा तिथं उतरला. कट्ट असा आवाज आला. पट्टी जिच्यात अडकते ती पांढरी क्लिप तुटून माझ्या मांडीवर पडली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. जरीपटका भागातल्या ज्या कॉम्प्युटर मेकॅनिककडे जायले मी तीन महिने नाही नाही म्हणत आलो, त्याले फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, ले आओ, दो घंटे में कर देता." म्हटलं, दोन तास नाही आहेत गा, एक तासही नाही आहे. तो हसला. म्हणाला, "क्लिप तोड़ दी ना? तो फिर अंगूठे से दबा के बैठो अब." गंमत केली होती त्यानं. पण मी अंगठ्यानं दाबलं, बटन मारलं, आणि स्क्रीन लागली. अंगठा उचलला की चित्र जागच्या जागी गोठून जाई.

मग सगळं करून पाहिलं. पुठ्ठ्याची घडी खुपसली, ती दहा मिनिटांत ढिली झाली. रबर बांधलं, ते तुटलं. डबा आडवा करून वर खलबत्त्यातला बत्ता ठेवला, तो घसरून पंख्यावर आपटला. अकराले सात मिनिटं राहिली होती. बायको म्हणाली, "आता?" मी टेबलाखाली शिरलो.

लोखंडी टेबल, समोरून पत्रा, मागे भिंत. डबा एका बाजूले, मी दुसऱ्या बाजूले, मध्ये तिचे पाय. मान सरळ करायले जागा नाही. गुडघे छातीपाशी, डावा हात जमिनीवर, उजवा हात डब्यात, अंगठा रॅमवर. माईकमध्ये घरघर येते म्हणून कूलर बंद केलेला. एप्रिलचा शेवट आणि नागपूर, यापुढे मी काही सांगायची गरज नाही. ती खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, "हलू नका." मी म्हटलं, "हाव."

पलीकडून एका बाईचा आवाज आला. गोड, शुद्ध, पुण्याचा. त्यांनी कॅमेरा फिरवून खोली दाखवायले लावली. मी श्वास रोखून बसलो. कॅमेरा परत जागेवर गेला, प्लॉटची मापं सांगितली, आणि काम सुरू झालं.

पहिला अर्धा तास, सांगतो, मले चांगलं वाटलं. घाम डोळ्यात जात होता, अंगठ्याले मुंग्या आल्या होत्या, पण वर तिच्या माऊसचा टकटक आवाज एकसारखा चाललेला. कुठं अडकणं नाही, थांबणं नाही. मधूनमधून ती सेव्ह करी. ह्या डबड्यानं तिले ती सवयच लावली होती. त्या बाई मध्येच म्हणाल्या, "तुमचा हात फार छान आहे हो." माझीच छाती फुगली. म्हटलं, पाहा, माझ्या अंगठ्यावर चाललं आहे सगळं.

मग त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही काढत राहा, तोवर थोडं बोलूया. रोज साईटवर जावं लागेल, घरून काम करता येणार नाही. पुण्याला राहायला यायची तयारी आहे ना?"

"हो, आहे," बायको म्हणाली.

"घरी कोण कोण?"

"मी आणि माझी मुलगी येऊ. तिची शाळा मी पाहून ठेवली आहे. माझ्या मावसबहिणीच्या बिल्डिंगमध्ये खोलीही आहे."

शाळा पाहून ठेवली? खोली? कधी पाहिली? मले काहून नाही माहीत?

"आणि मिस्टर?"

माऊस थांबला. तिच्या पायाची बोटं माझ्या तोंडापासून वीतभर होती, ती आखडली. मले वाटलं आता ही काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेईल. ती म्हणाली, "ते इथेच राहतील. त्यांची नोकरी इथे आहे. खरं सांगू का मॅडम, त्यांना मी यातलं काही विचारलेलं नाही. अकरा वर्षं मी विचारतच होते. आता विचारायचं नाही असं ठरवलं आहे. त्यांना यायचं असेल तर दार उघडं आहे. पण मी येणार."

आवाज शांत होता. हे ती पुण्याच्या बाईले नव्हती सांगून राहिली. मी खाली आहे हे तिले पक्कं ठाऊक होतं, आणि माझा अंगठा कुठं आहे हेही ठाऊक होतं.

राग आला. एवढा राग मले आयुष्यात आला नसेल. उठून ओरडावं तर उठता येत नाही. बोलावं तर तिचं सगळं मातीत जाते. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाखाली, मी कोंबड्यासारखा झाकून ठेवलेला, आणि वर माझा संसार दुसऱ्याच्या कानावर घालणं चाललेलं. तोंड नव्हतं, पाय नव्हते. माझ्याजवळ फक्त एक अंगठा होता.

तो मी उचलला.

वरची टकटक थांबली. त्या बाईचा आवाज अर्ध्या शब्दात तुटला. बाहेर भाजीवाला ओरडून राहिला होता ते स्पष्ट ऐकू आलं.

ती ओरडली नाही. खाली वाकूनही पाहिलं नाही तिनं. पाय जागेवरच होते. वरूनच म्हणाली, "घसरला का?"

हाव म्हटलं असतं तर झालं असतं. घसरू शकतो अंगठा, पाऊण तास झाला होता. ती मले वाट काढून देत होती हे कळत होतं. पण त्या काळोख्या भोकात बसून आणखी एक खोटं माझ्यानं बोलवलं नाही. "नाही," मी म्हटलं. "उचलला."

तिनं नाकानं श्वास घेतला. एकदा, दोनदा. मले वाटलं आता ही रडेल, शिव्या देईल, कीबोर्ड फेकेल. काहीही केलं असतं तर मले सुटल्यासारखं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "दाबा आता."

मी दाबला. तिनं बटन मारलं. उठायले तो नेहमीसारखा त्याचा वेळ घेत होता आणि आम्ही दोघं नवरा-बायको, एक वर, एक खाली, गपचूप त्याची वाट पाहून राहिलो होतो. लाज वाटत होती, अशी लाज की त्या डब्यातच शिरावं वाटे. स्क्रीन लागली. तिनं लिंक उघडली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, आमच्याकडे लाईट गेली होती."

सेव्ह केला होता म्हणून नकाशा वाचला होता. जिना तेवढा राहिला होता. त्या बाईंनी वेळ वाढवून दिला, आणि तिनं एकेक पायरी काढली. मी दाबून धरला होता. अंगठा माझा आहे की लाकडाचा आहे, हे कळायचंही बंद झालं होतं. जिना पूर्ण झाला, थँक्यू झालं, कॅमेरा बंद झाला, तिनं डबा बंद केला, तरी मले बाहेर येता येईना. तिनं खुर्ची मागे सारली आणि कूलर लावला. तेव्हा मी रांगत बाहेर आलो.

ती पाणी घेऊन आली. माझा अंगठा वळत नव्हता म्हणून तांब्या तिनंच धरला. मी म्हटलं, "तू मले अगोदर काहून नाही सांगितलं?"

"कितीदा सांगायले घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही ‘पाहू’ म्हणता आणि चप्पल घालून निघून जाता. पानटपरीवर जाता, छतावर जाता. आज तुम्हाले उठून जाता येत नव्हतं. अकरा वर्षांत आज पहिल्यांदा माझं पूर्ण ऐकलं तुम्ही."

"आणि मी उचलला म्हणून तुझं काम गेलं असतं तर?"

"गेलं असतं," ती म्हणाली आणि तांब्या आत ठेवायले गेली.

दुसऱ्या दिवशी मी डबा जरीपटक्यात नेला. मेकॅनिकनं दोन तासांत बोर्ड बदलून दिला. त्याले मी काही सांगितलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी ती मुलीची वह्या-पुस्तकं आवरत होती, तेव्हा पुण्याच्या फर्मचा मेल आला. तिनं तो वाचला, मोबाईल माझ्या हातात दिला आणि परत वह्या आवरायले लागली. मी वाचला. एकदा वाचला, मग परत वाचला. तिले नोकरी लागली होती. माझ्या चपला दाराशीच होत्या.

मी म्हटलं, "कधी जायचं आहे?"

तिच्या हातातली वही खाली पडली. अकरा वर्षांत जी बाई माझ्यापुढे कधी रडली नव्हती, ती तिथंच फरशीवर बसून रडायले लागली, मोठ्यानं, लेकराच्या देखत. मले तिचं रडणं पाहवत नव्हतं. मी तिच्याजवळ खाली बसलो, आणि ती थांबेपर्यंत बसून राहिलो.