जुई कुणावर गेली?

माझी नात माझ्यावर अजिबात गेलेली नाही. हे मी म्हणत नाही, मेहरूणमधली आमची अख्खी गल्ली म्हणते.

जुई तीन वर्षांची आहे. ती कुत्र्याला घाबरत नाही, कारण धुळ्याचे नाना घाबरत नाहीत. (नाना म्हणजे सूनबाईचे वडील, माझे व्याही.) ती ठसक्यात बोलते, नानांसारखी. भरीत भाकरीला न लावता नुसतंच बोटाने चाटते, तेही नानांसारखं! मग माझं काय?

"सर्दी," आमची सौ. म्हणाली. "सर्दी मात्र तुमचीच हो."

"मला काय त्याचं!" मी म्हणालो. (मनातून जळफळलो की मी हेच म्हणतो.)

बरं, नाना तरी गप्प बसतील? एसटीतून उतरले की जुईला खांद्यावर घेणार आणि गल्लीभर ऐकू जाईल असं गरजणार, "बठ्ठी मन्हावर गई शे हाई पोर!" बठ्ठी म्हणजे सगळीच्या सगळी! एखादा कान तरी माझ्यासाठी सोडावा की नाही माणसाने?

मागच्या खेपेला त्यांनी तिला बूट आणले. लालभडक, पाऊल टाकलं की चुईं वाजणारे. दिवसभर घरात चुईं चुईं, आणि कुणी विचारो न विचारो, "नानांनी दिले!" गुडघे दुखत असताना मी तिचा घोडा झालो होतो. त्याचं कुणी नाव काढलं? शेवटी मी स्टुलावर चढलो आणि ते बूट गव्हाच्या कोठीत खोल पुरले. (धुऊन, पुसून पुरले. मी काही रानटी नाही!) जुई शेजारी उभी राहून बघत होती. म्हटलं, एवढ्याशा पोरीला काय कळतंय.

"आबा, बूट दिसले का हो?" सूनबाईने विचारलं.

"मांजराने नेले असतील."

"दोन्ही?"

पुढच्या रविवारी भरिताचा बेत होता, म्हणून नाना पुन्हा हजर. मी असोद्याहून वांगी आणली, मीच भाजली, धुराने डोळे माझे गेले; आणि जुई नानांच्या मागे मागे! तेवढ्यात नानांनी शेजारचं बाळ मांडीवर घेतलं, आपली पांढरी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "हाऊ बी मन्हा नातूच शे!"

जुई दारात थबकली. खालचा ओठ पुढे आला.

"मला काय त्याचं!" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पानं वाढली तेव्हा टोपी गायब होती.

"मन्ही टोपी कोठे गई?" नाना बोडक्या डोक्याने पानावर बसेनात. पलंगाखाली शोधलं, बाळाच्या घरी शोधलं, मी तर चुलीची राखही उकरली. भरीत गार पडलं. आणि मग सौ. म्हणाली, "हे स्टूल कोठीपाशी कुणी आणलं?"

झाकण काढलं. टोपी गव्हात अर्धी पुरलेली! सगळे खो खो हसले. नानांनी टोपी उचलायला हात घातला, आणि गव्हातून आवाज आला, "चुईं!"

नानांनी हात आणखी खाली घातला आणि एकेक करून दोन्ही लाल बूट बाहेर काढले.

"अगं बाई, खायच्या गव्हात बूट!" सौ. किंचाळली.

"जुईनेच ठेवले असतील," मी म्हणालो. (हो, मी! सख्खा आजोबा!)

"नाही. आबांनी ठेवले," जुई शांतपणे म्हणाली. "स्टुलावर चढून."

नानांनी एकदा टोपीकडे बघितलं, एकदा बुटांकडे, मग माझ्याकडे. "आबा," ते हात जोडून म्हणाले, "बठ्ठी तुमनावर गई शे हाई पोर!"

तीन वर्षं हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. फक्त तिचं ते खरं बोलणं तेवढं नानांवर गेलं!