आपोआप पडलेला चाप

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी सांगलीला गेलो होतो. परतल्यावर पहिल्याच सकाळी मॅनेजरने माझ्या टेबलावर एक पिस्तूल आणून ठेवलं.

"हबीबी, हे बघ. तू नव्हतास तेव्हा नवीन चाप बसवला. स्प्रिंगाही बदलल्या. एकदम हलका चालतो."

लष्करात मी आर्मरर होतो, हत्यारांची देखभाल करायचो. निवृत्त झाल्यावर अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या एका शूटिंग क्लबात तेच काम मिळालं. मॅनेजर लेबनॉनचा, मनाने उमदा माणूस, पण उतावळा. पार्ट बाहेरच्या कंपनीचे होते. परवान्यावर रीतसर मागवलेले, दिसायला देखणे. पिस्तूल मात्र जुनं, पॉलिमरच्या फ्रेमचं, म्हणजे खालचा सगळा सांगाडा कडक प्लास्टिकचा.

बाहेरचे पार्ट बसवलेलं हत्यार काही दिवस वापरून झालं की उघडून बघायचं, ही माझी सवय. नव्या धातूची जुन्या फ्रेमशी कुठे झटापट चाललीय, ते घासल्याच्या खुणांवरून कळतं. मॅगझिन काढलं, चेंबर डोळ्याने पाहिलं, मग बोट घालून पाहिलं. रिकामं. दर बाराला मागेपुढे सरकणारी वरची स्लाइड उतरवली. फ्रेममध्ये बसवलेल्या स्टीलच्या पट्ट्या ठीक होत्या. पण गोळी उडवणाऱ्या स्ट्रायकरला अडवून धरणारी कड चकाकत होती. ती चौकोनी, धारदार हवी. इथे गोलसर झाली होती. मागच्या खिळीचं भोक लांबट झालेलं, आणि त्याच्या खालून केसासारखी एक रेघ निघालेली. आधी वाटलं, तेलाचा ओघळ असेल. फडक्याने पुसलं. रेघ तशीच, म्हणजे तडाच.

पिस्तूल पुन्हा जोडलं. रिकामंच. तोंड वाळूच्या पेटीकडे धरून स्लाइड मागे ओढली आणि सोडली. ठीक. पुन्हा सोडली. ठीक. तिसऱ्यांदा सोडली आणि आतून टक्क असा आवाज आला. चाप आपोआप मागे पडला.

माझं बोट चापावर नव्हतंच. ते बाहेर, फ्रेमच्या बाजूला सरळ ठेवलेलं होतं. मी त्या बोटाकडे बघतच राहिलो. पिस्तूल भरलेलं असतं, तर चाप न दाबताच गोळी सुटली असती.

"हे कोण वापरतं?" मी विचारलं.

मॅनेजर दारातच उभा होता. आवाज त्यानेही ऐकला होता. "लेडीज बॅच," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "जास्त करून तुझी मॅडम."

मी खुर्चीवर बसलो.

"एकदा डबल फायर झालं होतं," तो हळूच म्हणाला. "पहिला बार टार्गेटवर, दुसरा वर, छताच्या पट्टीत. मला वाटलं, तिचंच बोट दोनदा दाबलं गेलं. मी जरा ओरडलो. ती सॉरी म्हणाली."

माझी बायको शारजाच्या एका शाळेत गणित शिकवते. तिला शूटिंगला मीच आणलं होतं, आणि ती माझ्यापेक्षा शांत नेमबाज निघाली. मी सांगलीला असताना रोज फोन व्हायचा. आईच्या डोळ्यात थेंब घातले का, जेवलात का, सगळं विचारायची. यातलं एक अक्षर बोलली नव्हती.

घरी गेलो तेव्हा ती सोफ्यावर वह्या तपासत होती. मी बूटही न काढता विचारलं, "अगं, क्लबात डबल फायर झालं, मला सांगितलं का नाहीस?"

तिचा चेहरा पडला. "कळलं तुम्हाला? अहो, तुम्हाला कसं सांगणार? आर्मररच्या बायकोचं बोट हलतं, असं सांगायचं? मी जाणंच बंद केलंय. डोकं दुखतं म्हणून कळवते."

आतून मुलगी म्हणाली, "Mumma practises with the TV remote, Baba. Every day!"

बायको रिमोटवर बोट सरळ ठेवायची, मग हळूच दाबायची. तिला वाटत होतं, आपल्या हातातच काहीतरी बिघडलंय. कंप सुरू झालाय. तिच्या वडिलांचे हात थरथरायचे, शेवटी शेवटी तर घासही तोंडापर्यंत जायचा नाही. तिच्या मनाने थेट तिथपर्यंत मजल मारली होती. डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा घेऊन झाली होती.

"अगं, तुझं बोट नाही," मी म्हणालो. "पिस्तूल खराब आहे. माझ्या हातातही चाप आपोआप पडला."

तिने वह्या बाजूला ठेवल्या. "मला दाखवा," म्हणाली.

"उद्या दाखवतो."

"आत्ता."

क्लबात तिने भिंगातून ती रेघ पाहिली, कितीतरी वेळ. मग मी स्लाइड सोडून दाखवली. चाप पडला तशी ती दचकून मागे सरली, आणि रडायलाच लागली. मॅनेजर पाणी घेऊन धावला. "मॅडम, आय ॲम सो सॉरी."

"सॉरी नंतर," ती डोळे पुसत म्हणाली. इंग्रजीतच, वर्गात बोलते त्या आवाजात. "तुम्ही आधी माझ्या बोटाकडे बघितलंत. पिस्तुलाकडे कुणीच बघितलं नाही. छताऐवजी बाजूच्या बाईकडे तोंड असतं तर?"

तो मान खाली घालून उभा राहिला. तोवर मी फक्त तिचा विचार करत होतो. बाजूला उभ्या असणाऱ्यांचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

त्याच दिवशी ते पिस्तूल वापरातून काढलं. मॅनेजरने पोलिसांच्या परवाना विभागाला स्वतः कळवलं. फ्रेम बाद झाली, बाहेरचे पार्ट मी पेटीत सील केले. लेडीज बॅचच्या प्रत्येकीला त्याने बोलावून सगळं खरं सांगितलं. दोघीजणी पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

बायको मात्र पुढच्याच शनिवारी आली. दुसरं पिस्तूल, जसं कंपनीतून आलं तसंच. घेण्याआधी तिने ते माझ्याकडून उघडून घेतलं आणि एकेक जागा स्वतः पाहिली. मग लाइनवर गेली. तिचे खांदे सैल होते, हात स्थिर.

मी काचेमागे उभा होतो. कानांवर आवाज अडवणारे मफ होते, तरी तिच्या प्रत्येक बाराला दचकत होतो. शेवटी मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यल्ला, चल, तू बाहेर जाऊन चहा घे." मी गेलो. कप हातात होता, पण आतून येणारे बार मोजल्याशिवाय राहवेना. प्रत्येक बारानंतर दुसरा लगेच येत नाही ना, एवढंच मी ऐकत होतो.