सात जणांचं तेल

पाठांतरामुळे नव्हे, घर्षण हा विषय घेतला म्हणून घरात तिला सगळे घासू म्हणत. लोखंडावर लोखंड घासलं की काय होतं आणि मध्ये कुठलं वंगण घालावं, हे शिकण्यात चार वर्षं घालवून ती इंजिनिअर झाली. वडिलांची हयात लेथवर गेलेली. ते म्हणत, तेल घालायला पदवी कशाला, मला कुपी पुरली.

नोकरी मात्र मिळेना. चाळीस अर्ज गेले आणि चाळीस ठिकाणी एकच अट आडवी आली: दोन वर्षांचा अनुभव. शेवटी मामानं परस्पर ठरवलं की सोमवारपासून घासूनं त्याच्या चपलांच्या दुकानात बसायचं. तिथेही घर्षणच आहे, असं त्याचं म्हणणं.

शुक्रवारी बेअरिंगच्या कारखान्यातून बोलावणं आलं. रिकाम्या हातानं कारखान्यात जाऊ नये, म्हणून वडिलांनी पिशवीत पेचकस टाकला. प्रयोगशाळेत जागा एक, उमेदवार आठ, घासू आठवी. बाहेर बाकावर बसून तिनं सातव्याला दारातच घसरताना पाहिलं.

ती आत शिरली तसं दार कण्हलं. प्रमुख बाईंनी टेबलावरच्या तेलाच्या कुपीकडे बोट दाखवलं. "दार करकरतंय. बघा जरा."

घासूनं कुपीला हात लावला नाही. गुडघे टेकून पाहिलं, तर बिजागऱ्यांतून तेल ठिबकत होतं, खाली थारोळं. सातही जणांनी इमानेइतबारे ओतलं होतं. तिनं चिंध्या मागितल्या. फरशी पुसली, बिजागऱ्या पुसल्या, दाराची कड पुसली. घाई केली नाही. मग दिसलं. वरच्या बिजागरीचा स्क्रू ढिला होता, त्यामुळे दार लोंबून खालचा कोपरा चौकटीला घासत होता. पेचकसानं स्क्रू पिळला. दाराची वाचाच बसली.

बाईंनी अर्ज पुढे ओढला. "अनुभव किती?"

घासूनं घड्याळ पाहिलं. "अर्धा तास."

बाईंनी तसंच लिहून घेतलं आणि सोमवारी आठला हजर व्हायला सांगितलं.

घरी वडिलांनी पहिला प्रश्न केला, कुठलं तेल घातलंस. घातलं नाही, उलट होतं तेच पुसून काढलं, असं ऐकल्यावर त्यांनी आपली जुनी कुपी हलवून आत तेल किती उरलंय ते पाहिलं.

आईनं मात्र फडकं आणून घासूच्या हातात दिलं. "चार वर्षं इथेच शिकवलं असतं की. ओटा पूस, अनुभव वाढेल."